बसायला या

बिराप्पांचं नाव निघालं की माझं डोकं अजून फिरतं. परवा आमच्या कॉलेजच्या ऑफिसात एक तरुण व्याख्याता बोलावला होता. काम आणि घर यांचा तोल कसा सांभाळावा, या विषयावर बोलून त्याने आम्हा सगळ्यांचाच तोल घालवला. ‘दिवसातला एक तास फक्त स्वतःसाठी ठेवा,’ असं तो म्हणाला. सगळे क्लार्क माना डोलवत होते आणि मला एकदम कुंभारीतले बिराप्पा आठवले. या माणसाला कुणी असा एक तास आणून दिला असता, तर त्यांनी तो मेंढरांपुढे टाकला असता.

शहरात जागा परवडत नव्हती, तेव्हा आम्ही कुंभारीत प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. मी तिथून बसने रोज सोलापूरला यायची. आमच्या मागच्या भिंतीला लागूनच बिराप्पांचा मेंढवाडा. आम्ही राहायला गेलो त्या दिवशी ते दारात आले, आत डोकावून फरशी पाहिली आणि म्हणाले, “हितं लई चांगलं गवत हुतं, बाई. ह्या तुमच्या हॉलमधी.” तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. एखाद्या घरात पूर्वी कोण भाडेकरू होते ते सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. नंतर आजूबाजूचे प्लॉट एकेक करून भरत गेले, कुंपणं पडली, आणि बिराप्पांना चाऱ्यासाठी दरवर्षी आणखी लांब जावं लागू लागलं. दिवस तेवढाच, चाल मात्र वाढत गेली.

अंगाने ते उंच आणि वाळके होते. डोक्याला मळकट पटका, खांद्यावर घोंगडी, आणि ती उन्हाळ्यातसुद्धा. काठी बगलेत धरून एका पायावर उभं राहायची सवय. भाकरी खायची ती उभ्यानेच, चहा प्यायचा तोही उभ्याने, आणि नजर सारखी लांब कुठेतरी. तुमच्याशी बोलतानाही डोळे तुमच्या खांद्यावरून पलीकडे. पहिल्या वर्षी मला वाटायचं, हा माणूस आपल्याला किंमत देत नाही. मग कळलं की पलीकडे एखादी मेंढी दुसऱ्याच्या रानाकडे वळत असायची.

त्यांचं बोलणं हप्त्याहप्त्याने चालायचं. सकाळी मेंढरं आमच्या फाटकावरून जाताना ते म्हणायचे, “बाई, तुमच्या मालकांनी काल मला काय सांगितलं ठावं हाय का...” तेवढ्यात कळप पुढे सरकलेला असायचा आणि बिराप्पा त्यामागे. मी दिवसभर ऑफिसात बिलं तपासताना मनात विचार करायची, की ह्यांनी असं काय बरं सांगितलं असेल? प्लॉट विकायचं काढलं की काय? संध्याकाळी मेंढरं परत येताना त्याच जागी, त्याच आवाजात पुढचं वाक्य यायचं: “...की तुमच्या टाकीचं झाकन उडालंय म्हनून.” एवढ्यासाठी मी दिवस काढलेला असायचा.

एकदा दिवाळीच्या सुमारास मी सहज विचारलं, “बिराप्पा, तुम्हाला सुट्टी कधी असते हो?”

“रोजच की,” ते म्हणाले.

“रोज?”

“दिस वर आला, दंव सुकलं, की सुटी. दंवाचं गवत खाल्लं की पोट बिघडतं त्यांचं.”

मग माझ्या लक्षात आलं, की ह्यांच्या बोलीत सुटी म्हणजे मेंढरं वाड्यातून सोडायची वेळ. माझी सुट्टी म्हणजे कामातून सुटका आणि त्यांची सुटी म्हणजे कामाची सुरुवात. मी हसले आणि ऑफिसात जाऊन सगळ्यांना ही गंमत सांगितली. पुढे त्यांच्या शेजारी राहून राहून त्यातली गंमत निघून गेली. उजाडायच्या आत त्यांची बायको सुगलाबाई आणि ते दोघं वाडा झाडायचे, लेंड्या भरायचे, एकेक कोकरू त्याच्या आईला लावायचे. मग ती ‘सुटी’. संध्याकाळी परतल्यावर कुणाच्या खुरात काटा, कुणाच्या कानात गोचिड, कुणी लंगडतंय. वर्षातून दोनदा लोकर कातरायची. लांडग्याची आणि चोराची भीती, म्हणून झोपायचं ते वाड्याच्या तोंडाशी बाज टाकून. आजारी पडायला मधे फटच नव्हती. मी एकदा चिडून म्हणाले, “निदान रविवारी तरी कुणालातरी पाठवा.” त्यावर ते म्हणाले, “रविवार त्यांना कळत न्हाय, बाई.”

आणि सगळ्यावर त्यांचं एक ठरलेलं उत्तर: “आयतु.” त्यांच्या घरात कानडी चालायची. कानडीत आयतु म्हणजे झालं, ठीक आहे. बिराप्पांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘यातलं काहीही होणार नाही’ असा असायचा, हे समजायला मला फार उशीर लागला. डॉक्टरांकडे जाऊन या, आयतु. गुडघ्याला पट्टा बांधा, आयतु. मी खुशीत घरी यायची, आणि चार दिवसांनी बघावं तर पट्टा पिशवीतून निघालेलाही नसायचा.

त्यांची एकुलती एक लेक महादेवी दुधनीला दिली होती. जावई तिथल्या बाजारात एका आडत दुकानावर कामाला, तिच्या सासऱ्यांचं गावाबाहेर थोडं रान. महादेवी शिवणकाम करायची. माहेरी आली की माझे ब्लाऊज बेतून न्यायची आणि बेतताना बोलायची. तोंडाने फटकळ आणि हाताने नीटस अशी ती पोरगी होती, आणि मला ती फार आवडायची. तिने एकदा मला तिच्या लग्नाचा आल्बम दाखवला.

“ह्यात अप्पा शोधा, काकू,” ती म्हणाली.

मी पानं उलटली. सुगलाबाई होती, मामा होते, कोण कोण होते. बिराप्पा सापडेनात. शेवटी तिनेच एका फोटोवर बोट ठेवलं. अक्षता पडताहेत, सगळे पुढे बघताहेत आणि अगदी मागे, मांडवाच्या बाहेर, एक पटका आणि एक पाठ.

“मेंढरं शेजारच्या तुरीत शिरत हुती म्हनं. मंगलाष्टक चालू हुतं आणि अप्पा तुरीत. माज्या लग्नात बापाची पाठ हाय, बघा.” असं म्हणून ती हसली, पण आल्बम मिटताना तो तिने जरा जोरातच मिटला.

मला राग आला, आणि तो मी सुगलाबाईंपाशी भिंतीवरून काढला. तेव्हा त्यांनी मला दुसरी बाजू सांगितली. महादेवीचं लग्न ठरवायला बिराप्पा दुधनीला गेले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक अख्खा दिवस कळप दुसऱ्याच्या हवाली केला, सुगलाबाईंच्या भावाच्या. तो बिचारा झाडाखाली जरा लवंडला. मेंढरं ज्वारीच्या खोडव्यात शिरली आणि त्यांनी कोवळे फुटवे खाल्ले. पाण्याचा ताण पडलेली कोवळी ज्वारी म्हणजे विषच. संध्याकाळी बिराप्पा सोयरीक जमवून पेढे घेऊन परतले, तर वाटेतच मेंढ्या पोट फुगून पडलेल्या. “पेढं तसंच ऱ्हायलं, बाई,” सुगलाबाई म्हणाल्या. “मुंग्या लागल्या त्येला. तवापासनं दुधनीचं नाव काडलं की ह्ये उटून मेंढरात जात्यात. लेकीला वाटतं बाप येत न्हाय. बाप भितोय, ह्ये कोन सांगनार तिला?”

तुम्हीच सांगा की, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “तिला सांगू नगं म्हनल्यात ह्ये.”

आता यावर माणसाने काय करावं? मला लोकांच्या भानगडी मार्गी लावायची खोड आहे. घरचे त्याला नसती उठाठेव म्हणतात. मी गावातल्याच मायप्पा नावाच्या दुसऱ्या मेंढपाळाला गाठलं. दोघांनी कळप एकत्र करावेत, एक दिवस यांनी चारावे, एक दिवस त्यांनी, म्हणजे दोघांनाही एक दिवसाआड मोकळीक. पाळीने चारण्यात नवं काही नव्हतं, पूर्वी भाऊ-भाऊ तसंच करायचे. मायप्पा खुशीने तयार झाला. बिराप्पा म्हणाले, “आयतु.” या वेळी मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. पहिल्या मोकळ्या दिवशी मी स्वतः रजा टाकून पाळतीवर बसले.

सकाळी मायप्पा सगळी मेंढरं घेऊन गेला. बिराप्पांनी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि कट्ट्यावर येऊन बसले. बसले म्हणजे टेकले. थोड्या वेळाने उठून वाडा झाडला, जो सकाळीच झाडलेला होता. मग कोकरांना पाणी दाखवलं. पुन्हा कट्टा. मी हौसेने पोहे करून नेले, ते त्यांनी उभ्याने खाल्ले. माझ्याशी काहीतरी बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि मला दिसलं की ह्यांना वाक्य पुरं करायची सवयच उरलेली नाही. कुणी पुढे चाललेलं नाही, कुठे पळायचं नाही, आणि तरी ते अर्ध्यात थांबून माझ्याकडे बघत राहिले. दुपारी मी घरात ताट वाढायला गेले तेवढ्यात कट्टा रिकामा.

संध्याकाळी मायप्पा तणतणत आला. बिराप्पा दिवसभर त्याच्या मागे ओढ्याच्या पलीकडच्या काठाने चालत होते. जवळ यायचे नाहीत, हाक मारली तर बाभळीमागे व्हायचे. “माज्यावर भरवसा न्हाय तर सरळ सांगायचं की, बाई. चोरावानी माज्या मागं फिरायचं काय कारन?” मायप्पाचं काही चुकत नव्हतं. त्याने आपली मेंढरं वेगळी काढून नेली आणि पाळी त्याच दिवशी मोडली. मी बिराप्पांना विचारलं तर खाली बघत म्हणाले, “बघाय गेलतो नुसतं.” आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असेल, असं वाटत नाही.

त्यानंतर महादेवीने घर बांधलं. शिवणाचे पैसे, नवऱ्याचा पगार, सासऱ्यांची मदत असं करत दुधनीच्या कडेला तीन खोल्या उभ्या केल्या. वास्तुशांतीला बापाने यावं आणि एक रात्र राहावं, एवढंच तिचं मागणं होतं. मी पुन्हा कंबर कसली. बिराप्पांचा सदरा इस्त्री करून आणला. मायप्पाची समजूत घातली, तो एका दिवसापुरता तयार झाला. कोकरांकडे कोण बघणार, तर मी. होय, मी माझी किरकोळ रजा त्यांच्या कोकरांवर खर्च केली. आदल्या संध्याकाळी इस्त्रीचा सदरा हातात घेऊन बिराप्पा म्हणाले, “लई कडक झालाय की.” मी तो कौतुकाचा शब्द धरला.

सकाळी बसच्या वेळी सुगलाबाई एकट्याच निघाल्या. सदरा खुंटीला होता आणि बिराप्पा कळपासोबत केव्हाच गेले होते. मी त्या दिवशी कोकरांपाशी वाड्यात बसून होते. एकाने माझा पदर चघळून खाल्ला. बाप घरात नाही, आई लेकीच्या दारात एकटी, आणि मी इथे. सांगते, इतकी चिडचिड माझी नोकरीतही कधी झाली नाही.

सुगलाबाई परत आल्या त्या निरोप घेऊन. अप्पा माझ्या घरात आल्याशिवाय मी कुंभारीत पाऊल टाकणार नाही, असं महादेवीने सांगितलं होतं. आणि ती खरंच आली नाही. पंचमी गेली, दिवाळी गेली, सुगलाबाईंनी केलेल्या करंज्या डब्यात मऊ पडल्या. त्या रोज सकाळी लेंड्या भरताना नवऱ्याला कानडीत ऐकवायच्या. मला कानडी येत नाही, पण सूर समजायचा. बिराप्पांचं आपलं आयतु. मात्र मेंढरं घेऊन परतताना ते आमच्या फाटकाशी क्षणभर जास्त थांबू लागले. “पोरीचा फोन आलता का तुमाला?” असं विचारायचे. हे वाक्य ते एका हप्त्यातच पुरं करायचे.

ज्वारी निघाली, त्या दिवसांत एका संध्याकाळी फोन आला. महादेवीचा आवाज मवाळ होता. “काकू, अप्पांना द्या. भांडून कंटाळले मी.” मी भिंतीपाशी जाऊन बिराप्पांना हाक मारली आणि फोनचा स्पीकर लावला. शेजारधर्माने मी लांब उभी राहायला हवं होतं. राहिले नाही.

“अप्पा, झालं गेलं सोडा,” महादेवी म्हणाली. “एकडाव दोन दिस बसायला या की दुधनीला.”

बिराप्पांनी काठी बगलेतून काढून भिंतीला टेकवली. मग त्यांनी विचारलं, “तुमच्याकडली ज्वारी निघाली का?”

“निघाली की.”

“मग येतो, यव्वा.”

आयतु नाही, येतो. लेकीला लाडाने यव्वा म्हणजे आई म्हणायचे ते, पण इतक्या दिवसांत तो शब्दही ऐकला नव्हता. तिकडे महादेवी रडायला लागली, इकडे सुगलाबाई. मी फोन ठेवला आणि लाडू करायला घेतले.

दोन दिवसांनी सकाळी लाडवांचा डबा घेऊन बाहेर येते, तर बिराप्पा निघालेले. बरोबर अख्खा कळप. नुकत्याच व्यायलेल्या मेंढ्या आणि कोकरं तेवढी सुगलाबाईंपाशी ठेवली होती. मागून आणलेल्या एका गाढवावर रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी आणि खुंट लादलेले.

“बिराप्पा, हे काय? आठची बस आहे ना?”

“बसमधी मेंढरं कुटं घेत्यात, बाई?”

“अहो, बोलावलंय तुम्हाला. मेंढरांना नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “बसाय या म्हनली न्हवं का? तिच्या सासऱ्याचं रान हाय, ज्वारी निघालीया म्हनली. दोन दिस बसतो की तितं.”

सुगलाबाईंनी कपाळाला हात लावला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पीक निघालं की शेतकरी धनगराला सांगावा धाडतो, माझ्या रानात बसायला या. मग मेंढरं रात्री त्या रानात बसवायची, त्यांच्या लेंडीमुताने जमीन कस धरते. बिराप्पांना जन्मात ज्यांनी ज्यांनी ‘बसायला या’ म्हटलं, त्या सगळ्यांना त्यांची मेंढरं हवी होती. नुसत्या माणसाला कुणी बसायला बोलावतं, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. मी त्यांना समजावून सांगायला तोंड उघडलं, तोवर कळप कोपऱ्यावर वळला होता. लाडवांचा डबा माझ्याच हातात राहिला.

महादेवीला मीच फोन करून सांगितलं. ती खो खो हसली. हसता हसता तिचा आवाज बदलला. “येऊ द्या,” ती म्हणाली. “तसं तर तसं.”

चरत चरत, मुक्काम करत बिराप्पा दुधनीला पोचले. मी रविवारी डबा घेऊन बसने गेले. महादेवीचं घर गावाच्या कडेला, रस्त्याला लागून. पिस्ता रंगाचं, खिडकीपाशी शिवणाचं मशीन. तिचा चेहरा उतरलेला होता. बिराप्पा दोन रात्री तिच्या सासऱ्यांच्या रानात जाळीशेजारी झोपले होते. भाकरी हिनेच रानात नेऊन दिली, ती त्यांनी उभ्याने खाल्ली. चारायला जाता-येता ते दारावरून गेले तेव्हा रस्त्यावरूनच विचारलं, “बरं हाय न्हवं?” आणि पुढे गेले. उंबरा ओलांडला नव्हता. आणि आज ते परत निघणार होते.

“आता येतील रस्त्यानं,” महादेवी म्हणाली. “काकू, तुमी सांगून बघा.”

थोड्या वेळाने धूळ दिसली आणि मग मेंढरं. मी रस्त्यात जाऊन उभी राहिले.

“बिराप्पा, लेकीच्या दारात आहात. पाच मिनिटं आत चला.”

“मेंढरं चालल्यात, बाई. दोन्ही अंगाला गहू उभा हाय.”

“द्या ती काठी माझ्याकडे. मी बघते.”

त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि काठी दुसऱ्या हातात घेतली. मी फार चिडले होते. म्हणाले, “गहू खाल्ला तर खाल्ला. भरून देऊ. पण ह्या पोरीने किती वाट बघायची?” एक मेंढी कडेला वळली, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

तेवढ्यात महादेवी घरातून आली. पदर कमरेला खोचलेला, पायात काही नाही. तिने वडिलांच्या हातातून काठी काढून घेतली.

“जावा, अप्पा. आत जावा. काकू चा करत्यात. तवर मी हाय हितं.”

“आन तू?” बिराप्पा म्हणाले. “तुज्या घरात तूच न्हाय व्हय?”

“दोगं कसं जायाचं आत? एकानं मेंढरामागं पायजे न्हवं?” ती म्हणाली, आणि जीभ टाळूला लावून एक आवाज काढत ती कळपाच्या पुढे झाली. मेंढरं तिच्यामागे वळली. लहानपणी तिने दुसरं केलं तरी काय होतं?

बिराप्पा रस्त्यात रिकाम्या हाताने उभे राहिले. मग ते माझ्यामागून आले. घोंगडी बाहेर पायरीवर ठेवली. नळावर पाय धुतले, घोटे धुतले, पुन्हा पाय धुतले. जावई दुकानावर, सासरे रानात, घरात दुसरं कुणी नाही. परक्याच्या स्वयंपाकघरात डबे हुडकत मी चहा टाकला, आणि ते एकटेच घर बघत फिरले. भिंतीवरून पालथा हात फिरवला. मोरीतला नळ सोडून पाहिला आणि लगेच बंद केला. देवापुढे थांबून हात जोडले. मग मला विचारलं, “ती दिसभर कुटं असती?”

मी खिडकीपाशी मशीन दाखवलं. ते जाऊन तिथल्या स्टुलावर बसले. सुईखाली कुणाचातरी अर्धा शिवलेला ब्लाऊज होता, त्याला हात न लावता त्यांनी तो वाकून पाहिला. मी चहा दिला. तो त्यांनी बसून प्यायला. खिडकीतून ऊन आत येत होतं.

“उजेड चांगला हाय हितं,” ते म्हणाले. “डोळं न्हाईत दुकायचं तिचं.”

एवढंच ते बोलले. कपात थोडा चहा राहिला असतानाच उठले. “पोर दमली आसंल, बाई.” मी थांबवलं नाही.

त्यांना जाताना मी खिडकीतून पाहिलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलाच्या शिक्षणासाठी आम्ही कुंभारी सोडून शहरात आलो, त्यामुळे मनात राहिले ते तेच बिराप्पा. रस्त्याच्या कडेला महादेवीने काठी त्यांच्या हातात दिली. शिफ्ट बदलताना गिरणीच्या फाटकात माणसं एकमेकांशी बोलतात, तेवढंच ती दोघं बोलली असतील. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत होते मेंढरांकडे. मग ते गव्हाच्या मधून वाकडे होत गेलेल्या रस्त्याने दिसेनासे झाले.

महादेवी धापा टाकत आत आली. साडीला कुसळं चिकटलेली, पाय धुळीने भरलेले. माझा राग नेमका कुणावर आहे ते मलाच कळत नव्हतं. तिच्या बापावर, मेंढरांवर, त्या उभ्या गव्हावर. इतकी वर्षं वाट बघून बाप घरी आला, आणि तो आला तेव्हा ही घरात नव्हती.

“बसले का?” तिने विचारलं.

“बसले. तुझ्या मशीनपाशी.”

“काय म्हनले?”

मी सांगितलं. तिने खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं. मग माझ्यासमोर जमिनीवर बसली, धुळीच्या पायांनी तशीच.

“पयल्यापासनं सांगा, काकू. आत आले तवापासनं.”

मी सांगू लागले. घोंगडी कुठे ठेवली, पाय कसे धुतले, भिंतीवर हात कसा फिरवला. ती मधेमधे थांबवून विचारत होती. कुठली भिंत? देवापुढं किती येळ? चहात साखर बरोबर हुती का?

“आन आत येताना,” तिने विचारलं, “उंबऱ्यावरनं पयला पाय कुटला टाकला? उजवा का डावा?”

मी त्या वेळी चहाचं आधण बघत होते. त्यांच्या पायांकडे माझं लक्षच नव्हतं.

“उजवा,” मी म्हणाले.